सात दिवसांत मोत्यासारखे दात

हसायचं न्हाय, आधीच सांगून ठेवतो. कारण हे आठवलं की माझं डोकं अजून तापतं, आणि हिरड्यांचं तर विचारूच नका!

उमरग्यात माझं मेडिकल दुकान हाय, अठ्ठावीस वर्षं झाली. डॉक्टरची चिठ्ठी नसली तर मी सख्ख्या मेव्हण्याला गोळी देत न्हाय. गिऱ्हाईक बाटली घेऊन निघालं की हाक मारतो, "ओ पाव्हणं, मागची तारीख बघितली का?" असा मी! आणि असल्या माणसानं काय करावं?

थोरलीचा, सोनालीचा साखरपुडा ठरला. बैठकीत होणारे व्याही हसले आणि माझे डोळेच दिपले. दात का ट्यूबलाइट? इकडं तंबाखू सोडून चार वर्षं झाली तरी माझे दात काताच्या रंगाचे. फोटोत आम्ही दोघं शेजारी उभारणार! इज्जतीचा सवाल की हो.

तेवढ्यात मोबाईलवर जाहिरात आली, 'सात दिवसांत मोत्यासारखे दात'. मागवून टाकलं!

ट्यूब आली. वर एका बाईचे बत्तीस दात, मागं मुंग्यांच्या रांगेगत कुठलीशी परकी लिपी. किती वेळ ठेवायचं, काय कळंना. मीच ठरवलं, दात लई पिवळे, तर वेळ पण लई. सात दिवस कुठले, हातात एकच उरलेला! साखरपुड्याच्या आदल्या दिवशी सकाळी लावलं आणि अर्धा तास पेपर वाचत बसलो.

आधी चुणचुणलं. म्हटलं, गुण येतोय! मग जी आग सुरू झाली! मिरचीचा ठेचा हिरड्यांना चोळावा तशी. चूळ भरून आरशात बघतो, तर हिरड्या पांढऱ्याफटक, आणि दात होते तसेच!

"अहो, काय खाल्लं?" बायको ओरडली.

"आय नाय आल्लं," मी म्हटलं. तोंड मिटतच नव्हतं.

दातांच्या डॉक्टरीणबाई आमच्या दुकानाच्या वरच्याच मजल्यावर बसतात. त्यांनी ट्यूब उलटीपालटी केली.

"काका, बनवणाऱ्याचं नाव कुठंय?"

"न्हाय."

"पत्ता? बॅच नंबर? लायसन नंबर?"

"न्हाय."

"तारीख तरी बघितली?"

मी फरशीकडं बघितलं.

"आत ब्लीच दिसतंय, किती जहाल त्याचा आकडाच कुठं नाही. जहाल ब्लीच आम्ही हिरड्या झाकून, स्वतः समोर थांबून लावतो. आणि तुम्ही पेपर वाचत बसलात?"

साखरपुड्यात सगळे फोटो तोंड घट्ट मिटून काढले. व्याही हळूच माझ्या बायकोला विचारतात, "यांना स्थळ पसंत न्हाय का?" तिनं कसंबसं सांगितलं, "लेक जाणार म्हणून गहिवरलेत."

गहिवर? संताप होता तो! दुसऱ्या दिवशी कंपनीचा नंबर शोधला. नंबरच न्हाय! जिथनं मागवली तिथं निरोप लिहिला, तर तीनदा एकच उत्तर, 'आपल्या विश्वासाबद्दल आभार'. अरे चोरांनो! इथं आम्ही औषध विकतो तर लायसन भिंतीवर टांगावं लागतं, फ्रिजचं तापमान लिहून ठेवावं लागतं, इन्स्पेक्टर आला की रजिस्टर घेऊन उभं राहावं लागतं. आणि तुम्ही? ना नाव, ना गाव, थेट माणसाच्या तोंडात आग घालायची? लेकराबाळांनी लावलं असतं म्हंजे?

"सोनाली! औषध प्रशासनाला तक्रार लिही. मोबाईलवर ती ट्यूब विकतात त्या पानाचा फोटो पण जोड. सोडत नसतो मी!"

तिनं मोबाईलवर पान उघडलं. बघतच राहिली.

"अण्णा, तक्रारीचं राहू द्या."

"का? भितीस व्हय?"

"न्हाय. इथं सगळ्यात वर तुमचाच फोटो हाय. पांढरा कोट घातलेला."

आता तुमच्यापासून काय लपवू? पाकिटात चिठ्ठी होती, पाच तारे द्या, दुसरी ट्यूब फुकट. मी ट्यूबचं टोपण काढायच्या आधीच माझ्या फोटोसकट पाच तारे देऊन मोकळा झालो होतो.

सोनालीनं मोठ्यानं वाचलं. खाली एका बाईनं विचारलं होतं, "काका, हिरड्यांना काय होत न्हाय ना?"

त्याच्याखाली माझं उत्तर, "बिनधास्त घ्या ताई. मी स्वतः मेडिकलवाला हाय."