काड्या करणारा न्यूट्रॉन

आमच्या साडूंइतका अस्वस्थ माणूस अख्ख्या मराठवाड्यात शोधून सापडायचा नाही. मूळचे सिल्लोडचे, कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून रिटायर झालेले. पण खुर्चीला बूड टेकलेलं मी तरी पाहिलं नाही. क्रांती चौकात सिग्नल लागला, की शेजारच्या रिक्षावाल्याला न्यूट्रॉन समजावून सांगतील. आठवड्यानं नळाला पाणी येतं, बायकोची भांडी भरायची घाई, आणि हे मध्येच उभे! "या पाण्याला साधं समजू नका. भलेभले न्यूट्रॉन यात गार होतात!" मेहुणीबाई ओरडतात, "आधी ती बादली सरकवा!"

एकदा लग्नाच्या पंगतीत कुणीतरी न्यूट्रॉन म्हणजे काय, हे विचारायची चूक केली. झालं! साडू भरल्या पानावरून उठले. "न्यूट्रॉन म्हणजे काड्या करणारा माणूस बघा. अंगावर विद्युतभार नाय, म्हणून इलेक्ट्रॉनच्या गर्दीतून कुणाला न शिवता जातो. पण पाण्यात हायड्रोजनचा प्रोटॉन भेटला, की त्याला धक्का! दोघांचं वजन जवळपास सारखं. समोरासमोर धडक बसली तर सगळी ताकद त्यालाच देऊन टाकतो. मग तो प्रोटॉन, भारवाला गडी, लई धुडगूस घालतो. वाटेतल्या रेणूंचे इलेक्ट्रॉन उपटत सुटतो. आपल्या आत्याबाईंसारखं! त्या स्वतः कुठं भांडतात? नुसत्या दोन सुनांच्या मधून जातात." आत्याबाई समोरच्याच पंगतीत होत्या. जिलबी टाकून उठल्या, त्या अजून बोलत नाहीत.

यंदा साडूंच्या एकुलत्या लेकीला अणुभट्टीत नोकरी लागली. आम्ही पेढे घेऊन गेलो, तर साडू गच्चीवर येरझारा घालत होते. उत्तर दुसऱ्या दिवशी कळवायचं होतं, आणि पप्पा नको म्हणाले तर जाणार नाही, असं पोरीनं सांगून टाकलेलं. ती त्यांच्या मागं मागं फिरत होती. "पप्पा, मधे पाणी असतं, काँक्रीटची जाड भिंत असते. तिथंच न्यूट्रॉन अडतात. तुम्हीच शिकवलं ना?"

"व्हय गं बाई. पण माणसाच्या अंगात बी पाणीच असतं की."

ती चहा ठेवायला खाली गेली. साडूंनी माझं मनगट धरलं. मी बँकेतला माणूस, विज्ञानात काठावर पास झालेला. "साडूबुवा, तिला काय होणार नाय ना?" त्यांनी विचारलं.

"काही होत नाही हो," मी ठोकून दिलं.

सिद्ध करून दाखवल्याशिवाय पोरांचं एकही उत्तर मान्य न करणारा हा माणूस. माझ्याकडं पुरावा मागितला नाही. ते जिन्यात वाकले आणि चिरक्या आवाजात ओरडले, "बाई, येते म्हणून कळव त्यांना!"