हे भुकेचं नाय

यमुना गेल्याचं मला तिच्या घरून कळलं नाही. उन्हाळी सुट्टी गावी काढून परतताना आमच्या पाड्याची आशाताई मला जव्हारच्या एसटी डेपोत भेटली. मोखाड्याची गाडी लागायला वेळ होता. बोलता बोलता ती म्हणाली, "यमीच्या दिवसाला तुम्ही दिसला नाहीत, गुरुजी." माझा चेहरा पाहून तिने काय झालं ते सांगितलं... पहिलीपासून माझ्या वर्गात बसलेली मुलगी जाऊन पंधरवडा झाला होता, आणि तिच्या बापाने, लहानूने, सगळ्या पाड्याला सांगून मला एकट्याला वगळलं होतं. त्या दिवशी मला दगा झाल्यासारखं वाटलं. आज दीड महिन्याने लिहायला बसलो, तर दगा कोणी कोणाला दिला, हे आधी स्वतःलाच विचारावं लागतं.

यमुना बोलायला तिखट. तिसरीत असताना, पाऊस सरता सरता, ती चालताना झोकांड्या खायला लागली. पोरं ओरडायची, "यमी ताडी पिऊन आली!" ती वळून म्हणायची, "तुझ्याच बापाची प्याले. त्याला सांग, कमी पडली." मीही हसायचो. प्रार्थनेच्या वेळी तिला उलटी व्हायची, डोकं धरून बसायची, आणि दुपारपर्यंत पुन्हा ठणठणीत. आमच्या मोखाड्यात हडकुळं मूल ओकलं की दुखण्याचं नाव आधीच ठरलेलं असतं, कुपोषण. कुपोषितांच्या यादीत ती अंगणवाडीपासून होती. मी खटपट करून तिला जादा अंडं मिळवून दिलं, लोहाच्या गोळ्या समोर उभं राहून गिळायला लावल्या, आणि वजन थोडं वाढलं की समाधान मानलं. लहानू दोनदा मजुरीला खाडा करून शाळेत आला. "गुरुजी, पोर खाते ना. रातचा भात पोटभर खाते. सकाळी उठली का डोकं धरते, मंग ओकते. हे भुकेचं नाय." मी त्याला समजावलं. चार पुस्तकं वाचलेल्या माणसाला समजावायची फार घाई असते...

दिवाळीनंतर तिला उभंही राहता येईना, तेव्हा आम्ही तिला मुंबईला नेलं. लहान मेंदूत गाठ निघाली. डॉक्टरबाईंनी मला आत बोलावून सांगितलं, की पोटात बाळाचा मेंदू घडताना ज्या कोवळ्या पेशी असतात, तसल्या पेशींची ही गाठ. खाण्यापिण्याशी तिचा संबंध नाही. क्वचित दिसते, म्हणून ओळखायला उशीर होतो. "मणक्यात पसरलेली नसेल, आणि पूर्ण काढता आली, तर पुष्कळ मुलं वाचतात." लहानू बाहेर बाकावर होता. त्याच्यापर्यंत पोचेतो मी त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग गाळून टाकला. "वाचेल," एवढंच म्हणालो. त्याने वाकून माझ्या पायांना हात लावला, आणि मी लावू दिला.

ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, केस गेले. माझ्या टकलाकडे बघून ती म्हणाली, "गुरुजी, आता आपल्या दोघांना एका बाटलीचं तेल दहा वर्सं पुरंल." पण गाठ मणक्यात उतरलीच होती. वर्षभराने तिचे पाय गेले. मी शेवटचा भेटायला गेलो, तेव्हा लहानू अंगणातच आडवा आला.

"तुम्ही बोललेले, वाचंल."

"हो."

"त्याच्या आधी बोललेले, भूक हाय."

आतून यमुनेचा आवाज आला, "कोण हाय, बा?" तो म्हणाला, "कोण नाय." मी परत फिरलो... दारापासून चार पावलांवर होतो, तरी आत शिरण्याचं धाडस झालं नाही.

गेल्या आठवड्यात लहानू धाकट्या रंजनाचं नाव घालायला शाळेत आला. तिच्या अंगावर यमुनेचा गणवेश होता, खालून दुमडून टाके घातलेला, बाह्या कोपरापर्यंत आलेल्या. ती वर्गभर नजर फिरवत उभी होती. मी खुर्ची पुढे केली, तो बसला नाही. जन्मतारीख सांगितली, अंगठा उमटवला. "लहानू," मी म्हटलं, "माझ्याकडं पाठवतोस हिला..." माझ्याकडे न बघता त्याने पोरीच्या गणवेशाचं सुटलेलं बटण लावलं.

"इथं दुसरी शाळा नाय," तो म्हणाला, "म्हणून आणली."