झुंबरबाईंच्या पांढऱ्या गाठी

झुंबरबाई बोलायला लागल्या की गल्लीतली कुत्री उठून पलीकडे जातात, असं त्या स्वतःच सांगायच्या. मंठ्याकडच्या खेड्यातून लग्न होऊन त्या जालन्याला आल्या. नवरा लवकर गेला. स्टेशनाजवळच्या जिनिंगमध्ये सरकी वेचता वेचता त्या तिथल्या बायांच्या मुकादम झाल्या. सकाळी मी बुद्धवंदनेला बसले की बाहेरून त्यांचा आवाज यायचाच, "चला गं जल्दी, भोंगा काय तुमचा मामा न्हाई थांबायला." वंदनेत मन एकाग्र ठेवावं हे खरं, पण त्या आवाजापुढे माझा इलाज चालत नसे.

बहात्तर साल होतं. बांगलादेशची लढाई संपून दोन-अडीच महिने झाले होते. आदल्या साली पाऊस कमी, म्हणून कापूसही थोडा. होळीआधीच जिनिंग बंद पडणार आणि बायांना खडी फोडायला जावं लागणार, हे दिसतच होतं. तेवढ्यात मालक अण्णासाहेबांनी नवं काम आणलं. कापूस काढून घेतला तरी सरकीवर बारीक लव राहते. ती मशीनवर काढायची, निवडायची आणि दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्याला पाठवायची. तिच्यापासून तोफेची दारू करतात. हे काम टिकलं तर बायांचं पावसाळ्यापर्यंत निभणार होतं.

पण पहिली खेप परत आली. मागोमाग कारखान्याचे एक साहेब आले. त्यांनी काळ्या फळीवर लव पसरली आणि चिमट्यानं त्यातले भुरे धागे वेचून दाखवले.

"हा ताग आहे," ते म्हणाले. "तुमच्या बारदानाचा. आम्लात कापूस एका रीतीनं वागतो, ताग दुसऱ्या. मग दारू सारखी जळत नाही आणि गोळा जवळच पडतो. आपल्याच माणसांवर."

झुंबरबाईंचा पाठचा भाऊ कचरू महार रेजिमेंटमध्ये होता. त्यांनी फळीवरचा एक भुरा धागा उचलून बोटांत चुरडला.

"आधी हा माल बाहेरून यायचा," साहेब सांगत होते. "लढाईत कोण कुणाकडे उभा राहिला ते तुम्ही पाहिलंत. रशियाकडून तोफा मिळतील, पण रोजची दारू कुणाकुणाकडे मागायची? पुढच्या खेपेत ताग निघाला तर मी दुसरी गिरणी बघेन."

अण्णासाहेब म्हणाले, गाठींना बारदानाऐवजी नवं मांजरपाटाचं कापड आणतो. साहेबांनी नकारार्थी मान हलवली. नव्या कापडाला खळ असते, ती चालत नाही. रंग चालत नाही. सुती, पांढरं आणि धुऊन धुऊन मऊ झालेलं कापड हवं.

"असलं कापड दुकानात कुठून मिळावं," अण्णासाहेब म्हणाले.

"दुकानात न्हाई, दोरीवर मिळतं," झुंबरबाई म्हणाल्या आणि उठल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या दारोदार फिरल्या. मोंढ्याच्या बाजारात आलेल्या शेतकऱ्यांकडून जुनी धोतरं मागितली आणि काठ फाडून ज्याचे त्याला परत दिले. जिनिंगचा हमाल भुजंग त्यांना बघून कमरेला हात लावून उभा राहिला. "मावशी, अंगावरचं तरी राहू द्या."

"तुझं धोतर कोण घेतंय? ते लावलं तर दारू पेटायची बी न्हाई."

तरी कापड पुरेना. मग त्या संध्याकाळी विहारात आल्या. वंदनेला नेसायच्या आमच्या बिनकाठाच्या पांढऱ्या साड्या. काय मागणार ते मला आधीच कळलं. आमच्यातल्या सगळ्यात वडील दुर्गाबाई, त्यांनाही कळलं.

"झुंबरे, भगवंतासमोर नेसायचं लुगडं हाय हे. ते तोफेच्या दारूला?"

"दुर्गामाय, ती दारू कुठं जाऊन राह्यली? माझ्या कचरूच्या मागच्या तोफंत. तो काय कुणाचं गाव जाळाया गेलाय? हद्दीवर उभा हाय. आपलाच गोळा त्याच्या पायापाशी पडला तर मी कोणत्या तोंडानं वंदनेला बसू?"

"आन् तुझ्या बायांचं काम?"

"ते बी हाय. खोटं कशाला बोलू? विहारात बसलेय."

दुर्गाबाईंनी अंगावरच्या साडीचा पदर चाचपला. "उद्या ये," म्हणाल्या. "धुऊन ठेवते. पण ह्या बाकीच्यांनी न्हाई दिली तर मी बी न्हाई."

सगळ्यांनी दिल्या. मीही दिली. माझ्या शिवणाच्या मशीनवर आम्ही त्यांच्या गाठींसाठी खोळी शिवल्या. सुतळीऐवजी सुती दोरी घेतली. झुंबरबाईंनी बायांच्या डोक्याला फडकी बांधली, गोणपाटाची आसनं बाहेर फेकली आणि लव निवडायला बसवलं. कुणी पान खाल्लं तर आधी तोंड धुऊन यायचं.

साहेब यायच्या दिवशी मीही गेले. भिंतीशी गाठी रचलेल्या होत्या, नुकताच चुना दिल्यासारख्या पांढऱ्या. साहेबांची जीप फाटकात वळत होती आणि भुजंग नेहमीसारखा काळ्या शाईचा डबा अन् मार्क्याचा पत्रा घेऊन पहिल्या गाठीपाशी पोचला होता. इतकी वर्षं गाठ बांधली की मार्का मारायचा, त्याचा हात आपोआपच चालला. झुंबरबाईंनी धावत जाऊन त्याचं मनगट धरलं.

"भुजंगा, रंग."

भुजंग हातातल्या डब्याकडे बघतच राहिला. "आयला," एवढंच म्हणाला आणि डबा घेऊन पार फाटकाबाहेर गेला.

साहेबांनी स्वतः गाठी निवडल्या. खोळ उसवली, मधून मूठभर लव काढली, काळ्या फळीवर पसरली. दुसरी मूठ, तिसरी मूठ. चिमटा हातात होता, पण तो खाली येईना. दुर्गाबाई माझ्या शेजारी पुटपुटत होत्या, "बुद्धं सरणं गच्छामि."

"ताग नाही," साहेब म्हणाले. त्यांनी आणखी एक गाठ उघडायला लावली. तीही तशीच. मग त्यांनी चिमटा खिशात ठेवला. "अण्णासाहेब, वॅगन मागवा. पावसाळ्यापर्यंतचा सगळा माल मी इथूनच घेतो."

बायांनी एकमेकींकडे पाहिलं. कुणीतरी रडायला लागली, कुणीतरी तिला हसली. झुंबरबाई कमरेवर हात ठेवून साहेबांसमोर उभ्या.

"साहेब, माल तुमचा. खोळी आमच्या. रिकाम्या झाल्या की परत धाडायच्या. ह्या दुर्गामायला नेसायला दुसरं न्हाई."

साहेबांनी दुर्गाबाईंकडे पाहिलं आणि हात जोडले. "पाठवतो, आजी."

"आन् धुऊन," झुंबरबाई म्हणाल्या. मग बायांकडे वळल्या. "बसा गं कामाला. उद्यापासून आणखी बाया घ्यायच्या हायेत. खडीवर कोण कोण गेल्तं, त्यांना निरोप द्या."