वाळवणबंदीचे निरसन

पंचवटीतल्या आमच्या सोसायटीत गच्चीवर वाळवण घालायला बंदी होती. यंदा उन्हाळ्यात सेक्रेटरींनी जिन्यात नोटीस लावली: ‘वाळवणबंदीच्या नियमाचे निरसन करण्यात येत आहे.’ सेक्रेटरी मंत्रालयातून निवृत्त झाले आहेत, त्यांची भाषा अजून नोकरीत आहे.

सकाळीच शेजारच्या काकू माझ्या दारात. कुरडयांसाठी भिजवलेले गहू वाटून झाले होते. चीक आज शिजवून उन्हात घातला नाही तर आंबून वाया जाणार होता.

“निरसन म्हणजे शंकानिरसनातलंच ना? म्हणजे बंदी आहेच, फक्त नीट समजावून सांगणार?”

मी म्हणालो, “निर् म्हणजे बाहेर, अस् म्हणजे फेकणे. शंका बाहेर फेकली की शंकानिरसन, नियम फेकला की नुसतं निरसन. बंदी उठली, काकू.”

“मग रद्द म्हणायला काय जीभ झिजते?”

जिना उतरणारे सेक्रेटरी थांबले. “रद्द अरबी आहे, वहिनी. नोटीस शुद्ध मराठीत हवी.”

“आणि खाली सहीत ‘सेक्रेटरी’ लिहिलंय, ते काय गोदावरीत सापडलं?”

सेक्रेटरी खाली गेले. काकूंनी घरी जाऊन गॅस पेटवला आणि दुपारपर्यंत गच्ची कुरडयांनी भरली.

संध्याकाळी मी नोटीस पुन्हा पाहिली. ‘निरसन’ जागच्या जागी होते. ‘सेक्रेटरी’ खोडून तिथे ‘कार्यवाह’ लिहिले होते.