कडीवरचा हात

आमच्या गावात जो सिनेमा बघून येतो, त्याने तो बाकीच्यांना सांगायचा असतो. नुसती गोष्ट सांगून भागत नाही. गाणं कुठे आलं, बाईच्या अंगावर कोणतं लुगडं होतं, मारामारीत आधी कोण पडलं, सगळं सांगावं लागतं. गावापासून फाट्यापर्यंत चालत जाऊन, तिथून एसटीने चाकूरला थेटरात जाणाऱ्या बायका आमच्यात नाहीत. म्हणून मी लातूरला कॉलेजात गेले, तेव्हा बायकांना सगळ्यात आधी याचाच आनंद झाला. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. शिकून मी काय होणार हे कुणाला नीट ठाऊक नव्हतं, मलाही नाही. पण सुट्टीत येताना मी सिनेमा घेऊन येणार, एवढं ठरलेलं होतं.

सांगायची जागा म्हणजे नदीतला झिरा. विहिरी आटल्या होत्या, टँकर यायचा तसा यायचा. बायकांनी कोरड्या नदीच्या वाळूत खड्डा केला होता आणि त्यात पाणी हळूहळू झिरपून वर यायचं. एकीने वाटीवाटीने घागर भरून घेतली की पुन्हा पाणी साचेपर्यंत दुसरीने बसून राहायचं. त्या बसण्यात एक सिनेमा आरामात मावायचा.

तिथे माझी थोरली बहीणही असायची. आम्ही तिला अक्का म्हणतो. तिला नांदेडकडे, लोह्याजवळच्या एका गावात दिलंय. दाजी कामासाठी पुण्याकडे गेलेले. उन्हाळ्यात तिचे सासरे तिला घेऊन आमच्याकडे आले आणि आमच्या वडिलांना, अप्पांना, म्हणाले की आमच्याकडे पाण्याचे फार हाल आहेत, पोरीला इथं राहू द्या, पाऊस पडला की न्यायला येतो. अप्पांनी मान डोलावली. पाणी आमच्याकडेही नव्हतं. सासरे येताना ती कोरडी नदी ओलांडूनच आले होते, झिऱ्याभोवती बसलेल्या बायका त्यांना दिसल्या असणार. हे घरात प्रत्येकाच्या लक्षात आलं, असं मला वाटतं.

पुढे पाऊस पडला, पण धड पडला नाही. ढेकळं भिजली आणि पुन्हा उघडलं. तो पाऊस धरायचा की नाही धरायचा, हेच कळेना. धरला तर सासरच्यांनी शब्द मोडला असं होत होतं. म्हणून माय तो धरतच नव्हती. शेजारची कुणी म्हणाली की यंदा थोडा तरी पडला बाई, तर माय लगेच म्हणायची, कुठला पाऊस. आमच्यात माहेरी आलेली पोरगी न्यायला माणूस आल्याशिवाय परत जात नाही. त्यामुळे फाट्याकडे गाडी थांबल्याचा आवाज झाला की मायचा हात भाकरीवर थांबायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू व्हायचा.

दिवाळीच्या आधी लातूरला आमच्या वसतिगृहाच्या मैदानावर सिनेमा दाखवला. लातूर तेव्हा नव्यानेच जिल्हा झालं होतं. कचेऱ्या भाड्याच्या घरांत होत्या, पाट्यांचा रंग ताजा होता, आणि अप्पा अजून पत्त्यावर जिल्हा उस्मानाबादच लिहायचे. नव्या जिल्ह्याची म्हणून सरकारी गाडी आली, तिने पडदा बांधला. सिनेमात एक बाई होती. तिचा नवरा शहरात गेलेला, बरीच वर्षं पत्ता नाही. ती शेण गोळा करते, कोंबड्या राखते, म्हाताऱ्या सासूला जेवू घालते. शेवटी दुपारच्या वेळी ती पीठ मळत असते आणि दाराची कडी वाजते. ती हात पुसते, दाराशी जाते, कडीला हात लावते. तिचा चेहरा दिसतो आणि सिनेमा संपतो.

मुलांनी शिट्ट्या मारल्या. रीळ तुटलं, असंच सगळ्यांना वाटलं. मग आमचे मराठीचे सर उठून म्हणाले की सिनेमा एवढाच आहे, पुढचं तुम्ही ठरवायचं. मला काही ठरवता येईना. खोलीवर गेल्यावरही तो हात डोळ्यांपुढून जाईना, आणि त्याहून मोठी काळजी ही, की आता हे अक्कासमोर सांगायचं कसं.

दुसरा एखादा सिनेमा सांगावा, असं येताना गाडीत मनात आलं. पण दुसरा बघितलेला नव्हता, आणि बघितला नाही असं सांगितलं तर बायका म्हणाल्या असत्या, मग तिथं करतीस काय. मी सांगितला. कडीवर हात ठेवला आणि संपला, असं म्हटलं.

"झोपलीस ना मधी? खरं सांग," माझी चुलती म्हणाली.

झोपले नव्हते, शपथ घेतली. तिकीट किती होतं, असं तिने विचारलं. फुकट होता, म्हटलं.

"तरीच. सरकारचं कामच तसलं. टँकर बी निम्माच येऊलालाय."

सगळ्या हसल्या. आमच्या वस्तीतल्या एका म्हातारीला मात्र हसू आलं नाही. नवराच असणार, दुपारच्या वक्ताला दुसरं कोण येतंय, असं ती म्हणाली. चुलतीचं म्हणणं, तार असणार, आणि तार कधी चांगली नसते. नुकतीच लग्न होऊन आलेली एकजण हळूच म्हणाली की कुणीतरी पाणी मागायला आलं असेल. यावर त्यांचं भांडण जुंपलं. अक्काची पाळी होती. ती वाकून वाटीने घागर भरत होती आणि तिने मान वर केली नाही.

याआधी मी लग्नाने संपणारे कितीतरी सिनेमे सांगितले होते. घागर भरली की बायका उठायच्या आणि तो सिनेमा वाळूतच राहायचा. हा मात्र त्या घरी घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. म्हातारी तर मला वाटेत थांबवून विचारायची की चपला दिसल्या का गं दाराच्या फटीतून. माझ्या मनात तेव्हा आलं ते बरोबर आहे की नाही, मला माहीत नाही. पण मला वाटलं, या सगळ्या आपापल्या दाराशी उभ्या आहेत. म्हातारीचा नवरा असाच एका दुष्काळात खडी फोडायला गेला होता, तो आलाच नाही. चुलतीच्या घरी एकदा तार आली होती.

माय मात्र रागावली. "असलं अर्धवट सांगत जाऊ नको," ती म्हणाली. "घरात एक अर्धवट हाय ते बास हाय."

अक्का आतच ज्वारी पाखडत होती. तिने ऐकलं. माय बाहेर गेल्यावर सूप न थांबवता तिने मला विचारलं, "तिनं आतून इचारलं का, कोण हाय म्हणून?"

मी आठवून बघितलं. नाही, विचारलं नव्हतं. सरळ उठून गेली होती.

"मग उघडलं असंल," अक्का म्हणाली.

त्यानंतर मला भीतीच वाटायला लागली. कशाची, ते नीट सांगता येत नाही. मी परत लातूरला जायच्या आत काहीतरी व्हावं असं वाटायचं आणि काही होऊ नये असंही वाटायचं.

सुट्टी संपत आली तेव्हा अक्काचा दीर आला. दुपारीच आला. त्याच्या खांद्यावर गाठोडं होतं, ते त्याने ओसरीवर भिंतीला टेकवून ठेवलं. मी पाणी दिलं. अप्पांनी लोह्याचा बाजार विचारला, ज्वारी विचारली. तो एकेका शब्दात उत्तरं देत होता आणि आम्ही सगळे त्या गाठोड्याकडे न बघायचा प्रयत्न करत होतो. शेवटी मायला राहवलं नाही.

"पाव्हणं, न्यायला आलाव का?"

तो पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. "थंडी पडूलाली. आईनं वैनीची लुगडी दिली, गोधडी दिली."

"आन् न्यायचं?"

"तसं काय बोलले न्हाईत. पाणी न्हाई अजून तिकडं."

माय मला आत घेऊन गेली आणि माझा दंड धरून कुजबुजली की बघ, माया हाय म्हणून गोधडी धाडली. बाहेर अप्पा आता उघडच गाठोड्याकडे बघत होते. पोरीचं सामान माहेरी पोचतं करणं याचा दुसराही अर्थ होतो, तो आमच्याकडे लहान पोरालाही कळतो. मला दोन्ही अर्थ खरे वाटत होते. दिराच्या तोंडावरूनही काही कळत नव्हतं. कदाचित त्यालाही सांगितलेलं नसावं.

अक्का आतून आली ती लुगडं बदलून, केस विंचरून. तिने गाठोडं सोडून बघितलं नाही. तसंच उचललं.

"भावजी, लोह्याची गाडी हाय ना अजून?"

तो गडबडून उभा राहिला. हाय, म्हणाला.

माय दारात आडवी आली. "अगं, न्यायला आले न्हाईत ते."

"आलेत ना गावात. मी जाते त्यांच्या संगं."

"असं कुणी जातं का?"

अक्का मायकडे बघत उभी राहिली, गाठोडं छातीशी धरून. मी काहीतरी बोलायला हवं होतं का, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. शेवटी अप्पा उठले, त्यांनी अक्काच्या हातातून गाठोडं घेतलं आणि ते फाट्याच्या वाटेला लागले. मग माय बाजूला झाली. लातूरहून नांदेडला जाणारी गाडी आली, अप्पांनी गाठोडं आत दिलं, आणि अक्काने खिडकीतून एकदाच हात वर केला.

दुसऱ्या दिवशी झिऱ्यावर बायका वाटच बघत होत्या. मी सांगितलं. गाठोडं, गोधडी, माय दारात उभी राहिली ते, अप्पा उठले ते.

"मग? सासूनं घेतलं का घरात?" म्हातारीने विचारलं.

मला काय ठाऊक, म्हटलं.

"तू बी ना," ती म्हणाली, "एक गोष्ट पुरी सांगत न्हाईस." पण ती चिडलेली नव्हती. पाण्याकडे बघत आपल्याशीच बोलल्यासारखी म्हणाली, "उघडलं असंल. थंडीचं कोण दाराबाहेर ठेवतंय."

माझी पाळी आली होती. मी वाटी घेऊन वाकले.

याला आता वर्ष होत आलं. पंचमीला अक्का चार दिवस येऊन गेली. नेऊन सोडायला अप्पाच गेले. दाजी आले का, असं मी तिला विचारलं, तर येतो म्हणतेत, एवढंच म्हणाली, आणि कॉलेजात आणखी कुठला सिनेमा दाखवला का ते विचारायला लागली. गाठोडं अजून परत आलेलं नाही. माय ही चांगली खूण मानते. मीही मानते, पण सुट्टीत घरी असले आणि दुपारी फाट्याकडे गाडी थांबली की माझंही वाचन थांबतं.