'अभ्यासक'चा हेवा

हडपसरच्या एका शाळेत दशरथ गजभारे बरीच वर्षं विज्ञान शिकवत होते. नव्याने आलेल्या सृष्टी मॅडम फुकटचे ऑनलाइन कोर्स करायच्या, शिक्षकांच्या फेसबुक ग्रुपवर आपले प्रयोग टाकायच्या आणि मधल्या सुट्टीत मुलं त्यांच्याभोवती गोळा व्हायची. गजभारे सरांना ते बघवेना. 'अभ्यासक' असं खोटं नाव घेऊन ते त्या ग्रुपमध्ये शिरले आणि सृष्टीच्या विद्युतचुंबकाच्या व्हिडिओखाली त्यांनी लिहिलं, "तारेच्या टोकांवरचा लेप खरवडला नाहीत, तर चुंबक काय आशीर्वादाने चालणार?"

सृष्टीने लगेच लिहिलं, "खरंच की! अजून काय सुधारू?"

ती चिडेल असं सरांना वाटलं होतं. आता उत्तर देणं भाग होतं. त्यासाठी त्यांनी स्वतः व्हिडिओ पाहिले, घरी प्रयोग करून बघितले. हळूहळू नांदेड-साताऱ्याचे शिक्षकही 'अभ्यासक'ला शंका विचारू लागले.

एकदा स्टाफरूममध्ये मुख्याध्यापिका म्हणाल्या, "सृष्टी, तुमचे ते अभ्यासक आपल्या शाळेत असते तर!"

"आपलं कुठलं एवढं नशीब," सृष्टी म्हणाली.

सरांच्या जिवाची आग झाली. 'तो मीच' म्हणावं, तर खवचट टोमणेही कबूल करावे लागणार. संध्याकाळी सृष्टीने ग्रुपवर भिंगांबद्दल प्रश्न टाकला, तेव्हा त्यांनी प्रथमच स्वतःच्या नावाने सविस्तर उत्तर दिलं.

खाली सृष्टीने लिहिलं, "धन्यवाद सर. अभ्यासक काय म्हणतात तेही बघू."

सरांना 'अभ्यासक'चा आला तेवढा राग सृष्टीचाही कधी आला नव्हता.