गिटारवहिनींची अडलेली धून

तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींना सगळी इमारत गिटारवहिनी म्हणते, आणि तोंडावर म्हणते. त्यांना ते मुळीच आवडत नाही, असं त्या सांगतात. पण हल्ली कुणी नुसतं 'वहिनी' म्हटलं तर दोनदा हाक मारावी लागते, हेही खरं.

गिटार त्यांनी मागितली ती रागाच्या भरात. लग्नाला पंचवीस वर्षं झाली त्या सकाळी अहोंनी वर्तमानपत्रातून मान वर न काढता विचारलं, "तुला काय हवंय?" वहिनींच्या डोक्यात तिडीक गेली. "गिटार आणा!" म्हणजे हत्ती आणा, चंद्र आणा, त्यातलाच प्रकार. पण अहो पडले लिफ्ट दुरुस्त करणारे, आणि स्वभावही लिफ्टचाच. बटण दाबलं की कारण न विचारता निघायचं. संध्याकाळी काळ्या पिशवीत गिटार घेऊन दारात हजर! आता आणलीच आहे तर कपाटावर धूळ खात कशाला ठेवायची, म्हणून वहिनी शिकायला लागल्या.

शिकवणारे सर त्यांच्या भाच्याच्या वयाचे. टायरच्या दुकानावर एक खोली, तिथे क्लास. वहिनी त्यांना 'अहो सर' म्हणणार, आणि सर वहिनींना 'काकू'. सुरुवातीला सगळं छान चाललं. मग सरांनी एक धून दिली आणि वहिनींची गाडी तिथे रुतली ती रुतलीच. मागून आलेले पुढे गेले. शेजारच्या खुर्चीतली शाळकरी पोरगी तिसऱ्या धुनेवर पोचली आणि जाता जाता वहिनींना म्हणाली, "येईल हो काकू, एवढं काय!" वहिनींना वाटलं, हिची एक वेणी ओढावी.

अडचण होती एकाच जागी. धून सुरू होते ती अगदी लाडात, अंगठा खालच्या सुरावर डुलतोय, बाकीची बोटं वर गप्पा मारताहेत. तेवढं वहिनी झोपेतही वाजवतील. मग एक वळण येतं. तिथे डाव्या हाताचं पहिलं बोट सहाही तारांवर आडवं दाबून धरायचं आणि करंगळीने लांब जाऊन एक सूर गाठून आणायचा. तिथे आलं की तार सुरात बोलायची सोडून 'थप्प' म्हणायची, लाकडावर टिचकी मारल्यासारखी. वहिनी "च्" करायच्या, श्वास घ्यायच्या आणि पुन्हा पहिल्यापासून.

"काकू, बोटांना घट्टे पडायला हवेत," सर म्हणायचे.

घट्टे पडणार कुठून? वहिनी सलूनमध्ये केस धुवायच्या जागेवर उभ्या असतात. गिऱ्हाईक मान मागे टाकून डोळे मिटतं आणि वहिनींचे हात कोमट पाण्यात, फेसात. एक डोकं झालं की दुसरं. कुणाला पाणी गरम, कुणाला गार, कुणाला नवऱ्याच्या तक्रारी सांगायच्या असतात आणि त्या नळाच्या आवाजावर ओरडून सांगायच्या असतात. संध्याकाळी बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली, भिजत टाकलेल्या मनुकांसारखी. सुट्टीच्या दिवशी कमावलेला घट्टा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत कुणाच्या तरी केसांतून वाहून गेलेला असायचा. त्यांनी एकदा हातमोजे घालून पाहिले. गिऱ्हाईक उठून बसलं आणि मालकीणबाईंना म्हणालं, "या डोकं धुताहेत की भांडी घासताहेत?"

शेवटी सरांनीच हात टेकले. येत्या रविवारी सगळ्यांनी घरच्या माणसांसमोर आपापली धून वाजवायची होती. वहिनींनी याआधी दोन वेळा डोकेदुखीचं निमित्त काढलं होतं. सर हळूच म्हणाले, "काकू, ही रविवारी झाली तर झाली. नाहीतर सोडून देऊ या. एक सोपी आहे माझ्याकडे, छोट्या मुलांची."

"छोट्या मुलांची" हे ऐकून वहिनींना आपण आहोत त्यापेक्षा दहा वर्षांनी म्हाताऱ्या झाल्यासारखं वाटलं. "रविवारपर्यंत बघते," एवढंच त्या म्हणाल्या.

आठवडा कसला निघाला! सलूनमधली दुसरी बाई आजारी, तिचीही डोकी वहिनींच्या वाट्याला. संध्याकाळी इमारतीत यावं तर लिफ्ट बंद. गावभरच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाची बायको जिने चढत वर जाते, हा या इमारतीतला जुना विनोद आहे, आणि वहिनींना तो आता ऐकवत नाही. घरात शिरून त्यांनी गिटार मांडीवर घेतली की सासूबाई शांतपणे कानातलं यंत्र काढायच्या, डबीत ठेवायच्या आणि झाकण लावायच्या. झाकणाचा तो 'टक्' आवाजच काय ते बोलायचा.

बुधवारी वहिनींनी कशीबशी एकदा धून धरली. थप्प. दुसऱ्यांदा धरलीच नाही. गिटारवर हनुवटी टेकून त्या बसून राहिल्या. खांद्यापासून मनगटापर्यंत हात दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा जड. वाटलं, सोडावी. सोपी घ्यावी. आपण सुटू, सासूबाई सुटतील, इमारत सुटेल.

गुरुवारी सकाळी त्या चहा टाकत होत्या आणि न्हाणीघरात अहोंची दाढी चालली होती. दाढी करताना ते गुणगुणतात, ही सवय जुनी. पण आज वहिनींचा हात साखरेच्या डब्यावरच थांबला. अहो त्यांचीच धून गुणगुणत होते. अंगठ्याचं डुलणं, वरच्या गप्पा, सगळं बरोबर. वळण आलं. अहो थांबले, "च्" केलं, श्वास घेतला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

वहिनी दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. "हे काय चाललंय?"

"दाढी."

"ते नव्हे. मधेच 'च्' काय?"

अहो गालाला फेस लावून बुचकळ्यात पडले. "अगं, तसंच आहे ना ते?"

"तसंच कसं असेल? पुढे आहे अजून!"

"याच्यापुढे आहे?" त्यांनी खरोखर आश्चर्याने विचारलं. "मला वाटलं, एवढंच असतं. गोल गोल."

वहिनींना हसावं की रडावं कळेना. म्हणजे इतके दिवस या घरात ही धून कुणी ऐकलेलीच नव्हती. ऐकला होता तो तिचा उंबरठा. आणि सलूनला जाताना बसमध्ये उभ्या असताना त्यांच्या लक्षात आलं की पुढचं त्यांना स्वतःलाही धड आठवत नाही. सरांनी फार पूर्वी वरवर दाखवलं होतं. अडलेली जागा सुटल्याशिवाय पुढे जायचं नाही, हा नियम कुणी घातला होता? त्यांनीच.

त्या संध्याकाळी वहिनींनी सुरुवात वाजवलीच नाही. सरांनी दिलेला सुरांचा कागद काढला, शेवटची ओळ धरली. बोटं मऊ, डोळे मिटत होते, एकेक सूर अंधारात पायरी चाचपावी तसा येत होता. पण थप्प नव्हती. शेवट मुळी अवघड नव्हताच. संथ होता, दमलेल्या माणसाला जमेल इतका. दोन-तीनदा वाजवून झाल्यावर 'टक्' आवाज आला. सासूबाई डबी उघडत होत्या. यंत्र कानात बसवून, एकदा शेवटपर्यंत ऐकून त्या म्हणाल्या, "हे कुठलं नवीन?"

"जुनंच आहे, आई."

"मग इतके दिवस कुठे ठेवलं होतंस?"

रविवारी टायरच्या दुकानावरची खोली भरली. अहो मागच्या रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून अवघडून बसले होते. वहिनींनी धून धरली आणि वळणावर करंगळी लांबवली. थप्प.

तेवढ्यात मागून अहोंचं गुणगुणणं ऐकू आलं, सवयीप्रमाणे, पहिल्यापासून. लोक खो खो हसले. वेणीवाली पोरगी तर खुर्चीवरून पडायची राहिली. अहो कानापर्यंत लाल. वहिनींचा हातही सवयीने पहिल्या जागेकडे निघाला होता. त्यांनी तो उचलला, अडलेली जागा तशीच मागे टाकली आणि शेवट वाजवला. हळू, मान खाली घालून, अगदी शेवटच्या सुरापर्यंत.

सर जवळ आले. "काकू, मधला तुकडा गाळलात."

"हो."

"मग... ती सोपी घेऊ या?"

वहिनींनी बोटांकडे पाहिलं. "नको हो सर. फक्त मधलंच राहिलंय. ते राहू दे माझ्याकडे."

घरी परतताना लिफ्ट बंदच होती. दोघं जिना चढले, दुसऱ्या मजल्यावर थांबून धापा टाकल्या, पुन्हा चढले.

दुसऱ्या दिवशी न्हाणीघरातून पुन्हा धून आली. सुरुवात, मग वळण. 'च्' नाही झालं. तिथे अहो नुसतेच थांबले, वस्तरा धुतल्याचा आवाज आला आणि मग शेवट.

"मधे अजून आहे हां!" वहिनी ओट्यापासून ओरडल्या.

"माहितेय. थांबतोय ना मी तिथे."

वहिनींनी अंगठ्याने पहिलं बोट चाचपलं. टोक जरासं कडक लागत होतं. मग पर्स घेऊन त्या केस धुवायला गेल्या.